दुसरं कडवं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दादा गायला. पक्षाघाताचा झटका येऊन सात आठवडे आणि दोन दिवस झाले होते, आणि तेवढ्या काळात त्याच्या तोंडून एकही शब्द फुटला नव्हता.

खोली रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर आरसा, आणि चित्रांच्या पत्त्यांचा एक गठ्ठा: चमचा, किल्ली, छत्री, कात्री. या पत्त्यांनी दादाला रडकुंडीला आणलं होतं. चमचा म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागितला तर तो डाव्या हाताने उचलून द्यायचा. पण 'चमचा' म्हणायला तोंड उघडलं की आत काही नसायचं. मग कपाळाला आठी घालून तो पत्ता पालथा करून ठेवायचा, जणू चूक पत्त्याचीच होती.

थेरपिस्ट तिशीची, चटपटीत, दादाला 'काका' म्हणणारी. तिने घरच्यांना सोप्या भाषेत समजावलं होतं. बोलण्याचा रस्ता मेंदूच्या ज्या बाजूने जातो तो खचलाय. गाण्याचा रस्ता बराचसा दुसऱ्या बाजूने जातो. तिकडून काही शब्द आणता येतात का, ते बघायचं. "काकांच्या अंगात मुरलेलं एखादं गाणं सांगा," असं तिने म्हटल्यावर दादाच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, क्षणाचाही विचार केला नाही.

"वन्संचं. म्हणजे तसं यांचंच. लिहिलं यांनी, म्हटलं वन्संनी."

वन्सं, म्हणजे दादाची धाकटी बहीण, त्याच्या डाव्या हाताला बसली होती. वय चौऱ्याहत्तर. ती चार वर्षांची असताना दादाने तिचं नाव 'पिपाणी' ठेवलं, ते पुढे वाद्यवृंदातल्या सगळ्यांनी उचललं, आणि पोस्टरवर तिचं कुठलंही नाव छापलं असलं तरी जवळच्यांसाठी ती पिपाणीच राहिली. तिने सुरुवातीला नुसती चाल गुणगुणली. थेरपिस्ट दादाचा डावा तळहात धरून दर अक्षराला टेबलावर एक थाप देत होती. मग पिपाणीने शब्द घेतले, मूळ पट्टीपेक्षा बरेच खाली, कारण आवाज आता तिथेच राहायला गेला होता.

तिसऱ्या खेपेला दादाचे ओठ हलले. चौथ्या खेपेला तो तिच्याबरोबर गायला लागला, आणि शेवटच्या ओळीला तिने स्वतःचा आवाज काढून घेतला तरी तो थांबला नाही.

थांब जराशी जिन्यात तू,
हात कठड्यावर असू दे;
बोलून झालं सगळं तरी
एक वाक्य उरू दे.

'कठड्यावर'मधला ठ अगदी ठसठशीत आला. वहिनीने दोन्ही हात तोंडावर धरले. थेरपिस्टने घड्याळ पाहून वहीत वेळ टिपली.

पण दादा अजून थांबला नव्हता. खिडकीकडे बघत तो दुसऱ्या कडव्यात शिरला: "शबदी-दाबा, दी-दा-दू, शबदी-दाबा, दू-या-दी..." अख्खं कडवंभर, रेकॉर्डवर आहे तसं, एक अक्षर इकडचं तिकडे न होता. तिसऱ्या ओळीच्या आधी पिपाणीने अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एक घाईचा श्वास घेतला होता. दादाने तो श्वासही घेतला.

पिपाणीने मान वळवली आणि आरशात स्वतःलाच भेटली. तिथूनही नजर काढून घ्यावी लागली.

"काय कमाल आहे!" थेरपिस्ट म्हणाली. "माझे आजोबा ही रेकॉर्ड रोज लावायचे. कॉलेजात असताना तर मी तुमचं ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, ताई. 'शब्द गळ्यात अडत होते, म्हणून मी ते खाली ठेवले.'"

"हो," पिपाणी म्हणाली.

"पण काकांच्या बाबतीत आपल्याला उलटं करायचंय. अर्थ नसलेली अक्षरं त्यांना सोपी पडतात, मेंदू त्यांच्या आडोशाला बसून राहतो. त्याच चालीवर खरे शब्द बसवायचे. दुसऱ्या कडव्याला मूळचे शब्द असतीलच ना? त्यांनीच लिहिलेले असले तर आतून काहीतरी हलेल. शुक्रवारी लिहून आणाल? पहिल्या तीन महिन्यांत जे होतं ते होतं, नंतर वेग मंदावतो."

दादा तिच्याकडेच बघत होता. वहिनीही.

"आणते की," पिपाणी म्हणाली. स्टेजवर पन्नास वर्षं काढलेल्या बाईला असं उत्तर द्यायला अर्धा सेकंदही लागत नाही.

तिला ते शब्द माहीत नव्हते. विसरली असती तर गोष्ट निराळी होती. तिने ते कधी वाचलेच नव्हते.

*

पिपाणी एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या हॉटेलच्या भोजनगृहात गायला लागली. वेळ दुपारी चार ते सहा, लोक चहा घेत असताना. पियानो, बास, ड्रम, ट्रम्पेट आणि ही. पियानोवाल्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांचा एकच नियम होता: स्टेजवर गाण्याचा कागद दिसता कामा नये. "कागदावर बघून हजेरी घेतात," ते म्हणत. पिपाणीने हा नियम असा अंगी बाणवला की पुढे पुढे तालमीतही ती कागदाला हात लावीनाशी झाली. दोनदा वाचायचं, डोळे मिटायचे, झालं पाठ. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नव्हती.

दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. भूमापन कचेरीत नकाशांवर अक्षरं काढायचा. नद्यांची नावं तिरकी, गावांची सरळ, डोंगरांची अंतराअंतराने. हात असा की छापलंय की लिहिलंय ते कळू नये. जेवणाच्या सुट्टीत तो गाणी लिहायचा. त्याची सहा गाणी पिपाणीने हॉटेलात गायली. लोकांनी चहा पिता पिता मान डोलावली, एवढंच. सातवं 'जिन्यात'. ते ऐकून मास्तरांनी पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाले, "याची रेकॉर्ड निघणार."

पहिलं कडवं दादाने महिनाभर आधी दिलं होतं. दुसरं त्याने रेकॉर्डिंगच्या आधीच्या रविवारी आणून दिलं, एका चिकटवलेल्या पाकिटात. "नीट वाच," तो म्हणाला. "आणि आधी एकटी असताना वाच."

पिपाणी तेव्हा सव्वीस वर्षांची होती. त्या आठवड्यात तिचे हॉटेलात चार कार्यक्रम होते, रेकॉर्डच्या वेष्टनासाठी फोटो काढायचे होते, त्या फोटोसाठी शिवायला टाकलेला झगा दोनदा उसवून पुन्हा शिवावा लागला होता, आणि रेडिओवरचा एक निवेदक तिला रोज गाडीतून फिरवत होता. पाकीट पर्समध्ये राहिलं. मंगळवारी दादाने विचारलं, "वाचलंस?"

"पाठसुद्धा झालं."

"कसं वाटलं?"

"छान आहे रे. तुझं कधी वाईट असतं का?"

दादा थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला होता, हे तिला पुढे फार वेळा आठवलं. तेव्हा तिला वाटलं होतं, त्याला अजून स्तुती हवी आहे.

बुधवारी स्टुडिओ दहा ते एक. सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी, सलग. कुणी चुकलं की पहिल्यापासून. ट्रम्पेटवाला दोनदा घसरला, ड्रमवाल्याची काठी एकदा उडून दारावर आपटली. पंचवीस मिनिटं उरली तेव्हा पिपाणीला पाकिटाची आठवण झाली. तिने ते पर्समधून काढून पियानोवर ठेवलं. फोडणार तेवढ्यात काचेमागून ध्वनिमुद्रकाचा हात वर झाला आणि लाल दिवा लागला. आता पाकीट फोडायचं तर सर्वांसमोर कबूल करावं लागलं असतं, आणि काचेमागे दादा उभा होता.

तिने पहिलं कडवं म्हटलं, आयुष्यात पुन्हा कधी म्हटलं नाही इतकं छान. ट्रम्पेटचा तुकडा संपला. दुसऱ्या कडव्याची जागा आली. तिने तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं.

मग 'श' आला. कशाचा, ते तिला कधी कळलं नाही. शबदी-दाबा. मास्तरांनी चमकून वर पाहिलं, हसले, आणि डाव्या हाताने तिच्यामागे धावायला लागले. बासवाल्याने मान उडवली. त्या तिघांचा जो पाठशिवणीचा खेळ तिथे झाला, तो आजही संगीत शाळांत स्वरलिपीत मांडून शिकवतात. दिवा विझल्यावर काचेमागचे सगळे टाळ्या वाजवत बाहेर आले. दादाही टाळ्या वाजवत आला. "झकास झालं, पिपाणे," म्हणाला.

कडव्याचं काय, असं कुणीच विचारलं नाही. पावणेएक वाजले होते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. रेकॉर्ड गाजली. तीन महिन्यांनी एका मासिकाची बाई मुलाखत घ्यायला आली आणि तिने विचारलं, दुसऱ्या कडव्याला शब्द का नाहीत? पिपाणीने चहाचा कप बशीत ठेवला. 'कप खाली ठेवला' एवढ्यावरूनच ते वाक्य सुचलं असावं. छापून आल्यावर ते मथळा झालं. एका समीक्षकाने 'शबदी'मध्ये 'शब्द' कसा फोडून विखरून टाकलाय, यावर दीड पान लिहिलं. मोठी सभागृहं, बोटींवरच्या मैफली, परक्या शहरांतली हॉटेलं, सगळीकडे लोक दुसऱ्या कडव्याची वाट बघत बसायचे. पुढे गिटारवाल्या पोरांचे दिवस आले, तेव्हा वाद्यवृंद मोडला आणि पिपाणी जाहिरातींत गायली. बिस्किटांच्या जाहिरातीलाही त्यांना शबदी-दाबाच हवं होतं. मग अकरा वर्षं एका हॉटेलच्या दर्शनी दालनात, जिथे माणसं चाव्या घेत असतात आणि सामानाच्या गाड्या जात असतात. मग जुन्याची नव्याने ओढ लागलेली मंडळी आली, रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि दोन वर्षांपूर्वी जीवनगौरव मिळाला. त्या समारंभातही तिने ते वाक्य म्हटलं, थोडं थांबून, हशा कुठे येतो ते ठाऊक असल्यासारखं. हशा आला. तिसऱ्या रांगेत दादाही हसला.

त्याने 'जिन्यात'नंतर एकही गाणं लिहिलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "नकाशात अजून पुष्कळ गावांची नावं घालायची आहेत." पिपाणीकडे यायचा, तिचा गळका नळ दुरुस्त करायचा, पंख्याला तेल द्यायचा, जेवून जायचा. इतक्या वर्षांत या गोष्टीचं नाव त्याने एकदाही काढलं नाही. पिपाणीने स्वतःची अशी समजूत घालून ठेवली होती की त्याला वाटत असणार, ऐन वेळी ही विसरली. विसरणं काय, कुणाचंही होतं. एवढ्या एका समजुतीवर तिची अठ्ठेचाळीस वर्षं निभावून गेली.

*

बुधवारी सकाळी तिने रेकॉर्डचं वेष्टन काढून पाहिलं. मागे फक्त पहिलं कडवं छापलेलं. वहिनीला फोन केला. "घरात दादाचे जुने कागद काही असतील का गं?"

"छे. यांनी कागद म्हणून ठेवला नाही कधी. पण तुम्हाला कशाला हवा कागद, वन्सं? तुम्हाला तर सगळं पाठ असतं."

टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला.

दुपारी तीन वाजता तिने ढोल्याला फोन लावला. ढोल्या म्हणजे बासवाला, वय एक्याऐंशी, रेकॉर्डिंगच्या त्या खोलीतला तिच्याशिवाय जिवंत असलेला एकमेव माणूस. एका वृद्धाश्रमात राहतो.

"कोण?"

"मी."

"सकाळपासून तीन 'मी' येऊन गेले. दोन नर्सा आणि एक राँग नंबर. तू त्यातली कुठली?"

"ढोल्या, पिपाणी बोलतेय."

"अगं बाई! आहेस अजून?"

"तुला पोचवल्याशिवाय कशी जाऊ?"

"मग बस वाट बघत. काल वजन केलं, दोन किलोनं वाढलोय." त्याने मनसोक्त खोकून घेतलं. "दादा कसा आहे?"

तिने सांगितलं. मग विचारलं, "तुला 'जिन्यात'चं दुसरं कडवं आठवतं का रे?"

"शबदी-दाबा?"

"ते नाही. शब्द."

"शब्द? ते तू खाली ठेवलेस ना?"

"चेष्टा नको, ढोल्या."

"बरं, नाही करत. अगं, मी बास वाजवायचो. बासवाल्याच्या कानापर्यंत शब्द पोचतात का कधी?"

"मी ते पाकीट पियानोवर ठेवलं होतं. नंतर शोधलं तर नव्हतं तिथे. झाडूवाल्याने नेलं असेल असं मी... तुझ्या पाहण्यात आलं होतं का?"

ढोल्या चेष्टेचा सूर टाकून म्हणाला, "दादानं उचललं."

"कधी?"

"तुम्ही सगळे काचेच्या खोलीत ऐकायला गेलात तेव्हा. मी बासला खोळ घालत होतो, त्याच्यापासून दोन हातांवर. त्यानं पाकीट घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. फोडलेलं नव्हतंच. मग कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि तुमच्यामागे आत आला."

"म्हणजे त्याला..."

"पहिल्या दिवसापासून."

"तू मला सांगितलं नाहीस कधी."

"तू विचारलंस का कधी? आणि मग ते मासिकात आलं, शब्द अडत होते वगैरे. मी म्हटलं, दोघा भावंडांचं आपसात ठरलेलं असणार. ठरल्याशिवाय इतकं बेमालूम खोटं कोण बोलेल?"

पिपाणीने फोन ठेवला. जीवनगौरवाच्या रात्री तिसऱ्या रांगेत हसणारा दादा तिला दिसला, आणि ती उठून उगीचच स्वयंपाकघरातला नळ बंद करून आली. तो बंदच होता.

इतकं कळल्यावर तिने गुरुवारी जाऊन सरळ सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी गुरुवारी दुपारी ती टेबलाशी बसली आणि तिने स्वतःच एक कडवं जुळवलं. तिने स्वतःला सांगितलं की हे दादाच्या उपचारासाठी आहे, शब्दांशी कारण, कुणाचे का असेनात. पन्नास वर्षं गाणी म्हटलेल्या बाईला चार ओळी जमवणं जड नाही. पाऊण तासात झालं.

दिवस सरले, रात सरली,
चांदणं जिन्यात उतरलं;
गेलीस तरी त्या पायरीवर
पाऊल तेवढं उरलं.

वाचून तिला बरं वाटलं. थोडा अभिमानही वाटला. तो वाटल्याचं तिला नंतर सगळ्यात जास्त टोचलं.

*

शुक्रवारी अकरा वाजता थेरपिस्टने कागद मोठ्याने वाचून पाहिला. "किती सुंदर! आणि हे तुम्ही गाळलंत, ताई?"

वहिनीने कागद हातात घेतला, चष्मा वर करून वाचला. "यात चांदणं आहे," ती म्हणाली.

"मग?"

"काही नाही. हे म्हणायचे, गाण्यात चांदणं आणलं की कवी रजेवर गेला म्हणून समजावं. तरुणपणी घातलं असेल कदाचित."

पिपाणी गायली. थेरपिस्टने दादाचा हात धरून थापा दिल्या. पहिलं कडवं दादाने तिच्याबरोबर म्हटलं, मंगळवारपेक्षा सफाईने. दुसऱ्याला तो गप्प झाला. पिपाणी एकटी पुढे गेली. "पुन्हा," थेरपिस्ट म्हणाली. पिपाणी पुन्हा गायली. "अजून एकदा, सावकाश." तिसऱ्या वेळेला 'चांदणं' हा शब्द येताच दादाने आपला हात सोडवून घेतला, टेबलावरचा कागद ओढला, पालथा केला आणि त्यावर तळहात ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

गायला नाही. म्हणाला. स्पष्ट, कोरडा, रोजच्या आवाजात.

थेरपिस्ट खुर्चीतून उठलीच. "काका! बोललात! स्वतःहून!" तिने वेळ टिपली: अकरा पस्तीस. वहिनी रडत होती, हसत होती, दादाचा खांदा दाबत होती. "ऐकलंत, वन्सं? नाही म्हणाले! माझ्याशी लग्न करतानासुद्धा एवढ्या ठामपणे हो म्हणाले नव्हते!" दाराबाहेरून चाललेली नर्स डोकावली, तिलाही सांगितलं गेलं. त्या खोलीत त्या क्षणी 'नाही' हा जगातला सर्वांत गोड शब्द होता, आणि तो कशाला उद्देशून होता हे फक्त दोघांना माहीत होतं.

दादा पिपाणीकडे बघत होता. रागाने नव्हे. ती वाट बघणारी नजर होती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी, 'कसं वाटलं' असं विचारून तो जसा बघत राहिला होता, तशी.

"हे कडवं दादाचं नाही," पिपाणी म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड होतं.

"हे मी काल लिहिलं. दादाचं कडवं मला माहीत नाही. त्याने दिलं होतं, मी पाकीट फोडलंच नाही. पाठ झालं म्हणून सांगितलं. रेकॉर्डिंगला तोंड उघडलं तेव्हा माझ्याकडे म्हणायला काही नव्हतं, म्हणून ते शबदी-दाबा. बाकीचं सगळं मी नंतर रचलं. शब्द अडत वगैरे काही नव्हते."

थेरपिस्टच्या हातातलं पेन तसंच राहिलं. वहिनीचं रडणं थांबलं, पण डोळे पुसायचे राहून गेले.

"म्हणजे यांनी लिहिणं सोडलं ते..." वहिनी म्हणाली आणि थांबली. मग हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करत बोलली. "लग्न होऊन आले तेव्हा मी रोज विचारायचे, का लिहीत नाही तुम्ही. वाटायचं, माझ्यामुळे. घरात आल्यापासून मी यांना सुचू देत नाही, असं वाटायचं मला. वन्सं, मी कित्येक वर्षं दुपारची खोलीतसुद्धा जायचे नाही, यांना लिहायला एकांत मिळावा म्हणून. आणि हे आत बसून शब्दकोडं सोडवायचे."

हे पिपाणीच्या हिशेबात कधी धरलेलंच नव्हतं. तिची शरम आजवर दोघांपुरती होती. तिथे तिसरं माणूस उभं होतं आणि तिला दिसलंही नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "तूच सांग. काय लिहिलं होतंस?"

"काकांना असं थेट विचारू नका," थेरपिस्ट पुटपुटली. पण दादाने डावा हात टेबलावर ठेवला आणि स्वतःच थाप दिली. एक. दोन. त्याने पहिलं कडवं म्हटलं, कुणाच्याही मदतीशिवाय. 'उरू दे'नंतर ट्रम्पेटच्या तुकड्याइतका थांबला, थापा मोजत. मग तोंड उघडलं. शबदी-दाबा आलं नाही. काहीच आलं नाही. कपाळाची आठी घट्ट झाली, ओठ एकमेकांवर आले, सुटले, पुन्हा आले. बारा वाजता बैठक संपली.

*

त्यानंतर चार बैठका झाल्या. पिपाणी प्रत्येक बैठकीला आली. वहिनी तिच्याशी कामापुरतं बोलते. "पाणी द्या," "खिडकी लावा," इतकंच. 'वन्सं' म्हणत नाही. बसतेही आता दादाच्या दुसऱ्या बाजूला.

पिपाणीने थेरपिस्टच्या वहीवरच्या त्या वाक्याबद्दल एकदा विषय काढला. "ते पान फाडून टाक."

"वही आईच्या घरी आहे," थेरपिस्ट म्हणाली. मग म्हणाली, "गेले की फाडीन." तिच्या बोलण्यातलं 'ताई' अजून टिकून आहे, पण आधी ते वाक्याच्या सुरुवातीला यायचं, आता शेवटी येतं.

पहिल्या बैठकीत दुसऱ्या कडव्याच्या जागी दादा काही बोलला नाही. दुसऱ्या बैठकीत 'पायरी' म्हणाला. तिसऱ्यात 'पायरी', आणि नंतर 'उतर'. पिपाणीने दोन्ही शब्द कागदावर लिहिले. थेरपिस्टने कागद बघितला आणि घसा साफ केला.

"ताई, एक सांगायला हवं. हे शब्द त्यांच्या कडव्यातले असतीलच असं नाही."

"मग कुठले?"

"तुमच्या कडव्यात 'पायरीवर' आहे. 'उतरलं' आहे. शुक्रवारी तुम्ही ते तीन वेळा गायलात, त्याच चालीवर, त्यांच्या कानाशी. ते आत जाऊन बसलं असणार. आता काय त्यांचं आणि काय तुमचं, हे मला वेगळं करता येणार नाही."

"त्याला येईल का?"

"माहीत नाही."

पिपाणीने कागद घडी घालून ठेवला. उरलेल्या वेळात ती गायली नाही, थेरपिस्टने पेटीसारखं छोटं वाद्य आणून चाल वाजवली. तेव्हापासून तसंच चाललंय. पिपाणी खोलीत बसते आणि तोंड उघडत नाही. तिच्या आवाजातून आता आणखी काही आत जायला नको, असं तिनेच सुचवलं, आणि नको नको म्हणायला कुणी पुढे झालं नाही.

चौथी बैठक काल झाली. अकरा बावीसला दादाने पहिलं कडवं संपवलं, थापा मोजल्या आणि दुसऱ्या कडव्याच्या जागी एक शब्द म्हटला: 'दोरी'. थोड्या वेळाने पुन्हा: 'दोरी'.

पिपाणीच्या कडव्यात दोरी नाही. पहिल्या कडव्यातही नाही. थेरपिस्टने साठच्या साठ पत्ते टेबलावर पसरून पाहिले, त्यांतही दोरी नव्हती. असे भलतेच शब्द कधी कधी येतात, त्यांच्यामागे काही असतंच असं नाही, हेही तिने सांगितलं. वहिनीला विचारलं, तिला काही उमगलं नाही. "हे तुमच्या दोघांचं लहानपणचं काही आहे का?" तिने पिपाणीला विचारलं. दोन आठवड्यांत तिने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

पिपाणीने खूप आठवून पाहिलं. घर, अंगण, शाळा, गच्ची. दोरी कुठेही सापडली नाही. दादा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मला आठवत नाही रे," ती म्हणाली.

शब्द तिने कागदावर लिहून घेतला, पहिल्या दोन शब्दांपासून वेगळा. पुढची बैठक मंगळवारी अकरा वाजता आहे.